पिक्चर बघितलात ना? मग आता लायब्ररीची पायरी चढा

२०२५च्या मार्चमधली गोष्ट. आमच्याकडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात बातमीसाठी गेलो होतो. बातमी नेहमीचीच. सभासद कमी झालेत, छत गळतंय, वर्तमानपत्रं वाचायला येणारे आजोबा सोडले तर दुपारी कुणी फिरकत नाही.

मी लिहून घेत होतो, तेवढ्यात काउंटरवर दोन पोरं आली. दहावी-अकरावीतली असतील, पाठीला क्लासच्या बॅगा. "मॅडम, 'छावा' आहे का?"

मॅडमनी नोंदवही उघडली. ग्रंथालयात प्रती दोन, दोन्ही बाहेर, आणि पुढे नऊ जणांची नावं. मला म्हणाल्या, "बघा, हे लिहा बातमीत. पाच वर्षांत एवढं गेलं नव्हतं हे पुस्तक."

पोरांनी नाव लिहायला सांगितलं. आणि जाता जाता त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, पुस्तक पिक्चरसारखंच आहे ना? म्हणजे सगळं खरं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे बघितलं. उत्तर कुणीच दिलं नाही. पोरं निघून गेली.

वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. सोपा प्रश्न होता आणि मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यात आहे. आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर सावकाश वाचा. उभे असाल तर अजूनच सावकाश.

आधी चांगली गोष्ट सांगतो. पिक्चरमुळे पुस्तकं वाचली जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०१३ला 'दुनियादारी' आला. सुहास शिरवळकरांची ती कादंबरी १९८२ची. आमच्या पिढीने ती सर्क्युलेटिंग लायब्ररीतून, पानं निसटलेल्या अवस्थेत वाचली. 'सुशिं'चं पुस्तक हातात दिसलं की मराठीचे सर नाक मुरडायचे. समीक्षकांनी त्यांना कधी जवळ केलं नाही, वाचकांनी कधी सोडलं नाही. सुशि २००३मध्ये गेले. दहा वर्षांनी पिक्चर आला, आणि ज्यांचा जन्म कादंबरीनंतरचा, ती कॉलेजची पोरं पुस्तकांच्या दुकानात 'दुनियादारी' मागायला लागली. लेखक बघायला नव्हता, एवढंच.

'शाळा'चंही तेच. मिलिंद बोकीलांची कादंबरी आधीपासून लोकांच्या आवडीची होतीच. सुजय डहाकेचा पिक्चर २०१२च्या जानेवारीत लागला आणि ज्या घरात मराठी पुस्तक म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक, तिथेही 'शाळा' पोचली. माझ्या बहिणीच्या घरात ती अजून टीव्हीशेजारी आहे.

त्यामुळे "पिक्चरवाले पुस्तकाची वाट लावतात" असं सरसकट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर येऊच शकत नाही. आठशे पानांची कादंबरी वाचायला तुम्ही पंधरा दिवस घेता, आणि पिक्चरवाल्याकडे असतात अडीच तास. तो कापणार, जोडणार, दोन माणसांचं एक माणूस करणार.

आमच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला 'सिंहासन' दाखवला होता. १९७९चा पिक्चर, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तो बनवला. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस बघून वर्गातली निम्मी पोरं म्हणाली, आपण पत्रकार व्हायचं ते असं. उरलेली निम्मी म्हणाली, असं होणार असेल तर नको. कादंबऱ्या मी नंतर वाचल्या. पिक्चरमध्ये जे राहून गेलं ते त्यात सापडलं, पण पिक्चरने मला फसवलं असं वाटलं नाही. साधू स्वतः पत्रकार, त्यांना मंत्रालयाचे जिने माहीत होते. तेंडुलकरांनी त्या माहितीचं नाटक केलं. दोघांनी आपापलं काम चोख केलं.

'उंबरठा' घ्या. १९८२चा. स्मिता पाटील सगळ्यांना आठवते, गाणी आठवतात. पण तो पिक्चर शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा आहे, हे किती जणांना माहीत आहे? मी आमच्या ग्रुपवर विचारलं. चाळीस जणांपैकी एकाने बरोबर सांगितलं, आणि ती एक निवृत्त शिक्षिका.

'नटरंग' घ्या. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवचा पिक्चर, १ जानेवारी २०१०. पिक्चरमध्ये गुणाला शेवटी मानसन्मान मिळतो, आपण डोळे पुसत बाहेर पडतो. कादंबरी एवढी दिलदार नाही. ती वाचून झाल्यावर दोन दिवस जेवण गोड लागत नाही. दोन्हींना आपापली जागा आहे, फक्त दोन्ही एकच आहेत असं समजू नका.

इथपर्यंत भांडणाचं काही कारण नाही. गुणा कागलकर, दिगू टिपणीस, 'शाळा'मधला मुकुंद जोशी ही लेखकाने घडवलेली माणसं. त्यांचं काय करायचं ते लेखक आणि दिग्दर्शक बघून घेतील. गुणाचा शेवट बदलला म्हणून कुणाच्या दारावर दगड पडत नाही.

घोळ होतो तो माणूस खरा असतो तेव्हा.

'छावा'ची कहाणी आता सगळ्यांना माहीत आहे. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ची. लक्ष्मण उतेकरांचा हिंदी पिक्चर १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि देशात सहाशे कोटींच्या पुढे गेला. मराठी कादंबरीवरून निघालेल्या पिक्चरने एवढा धंदा केल्याचं मला तरी आठवत नाही. मराठी माणूस म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः घरच्यांना घेऊन गेलो. शेवटी टॉकीजमध्ये सन्नाटा होता. बाहेर पडताना माझी म्हातारी आई रडत होती.

पण आता पुढचा क्रम बघा. जानेवारीत ट्रेलर आला, त्यात महाराज लेझीम खेळताना दिसले. आक्षेप आले. दिग्दर्शकाने आधी कादंबरीचा आधार सांगितला आणि मग ते दृश्य काढून टाकलं. पिक्चर लागल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, की आमच्या पूर्वजांना फितूर दाखवलंय. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली, आणि तेव्हाही सांगणं तेच, की आम्ही कादंबरीवरून केलं.

इथे जरा थांबा. "आम्ही कादंबरीवरून केलं" हे वाक्य मला खटकतं. कायद्याने ते बरोबर असेल. पण कादंबरीकार काय म्हणाला असता? सावंत २००२मध्येच गेले. त्यांनी लिहिली ती कादंबरी, इतिहासाचं पुस्तक म्हणून नाही. म्हणजे पिक्चरवाला कादंबरीकडे बोट दाखवणार, कादंबरी म्हणणार मी तर कादंबरी आहे, आणि प्रेक्षक घरी जाऊन म्हणणार की मी इतिहास बघून आलो. साखळीत जबाबदार कोण, तर कुणीच नाही.

आणि त्याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. त्याच मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याला, लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते. का, तर पिक्चरमध्ये मुघलांचा खजिना दाखवलाय. हसू नका, बिचारे गरीब लोक होते. त्याच महिन्यात नागपुरात दंगल झाली. दंगलीची कारणं बरीच असतात, एका पिक्चरवर सगळं ढकलणारा मी नव्हे. पण मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलताना या पिक्चरने लोकांच्या भावना पेटल्याचा उल्लेख केला, हे रेकॉर्डवर आहे. म्हणजे राज्य चालवणाऱ्यांनासुद्धा पिक्चरची दखल घ्यावी लागली.

आता एक उलटी बाजू, जी फारशी कुणी सांगत नाही. संभाजी महाराजांना आपल्याकडे कित्येक वर्षं बदनाम केलं ते कुणी? बखरी होत्याच, पण घराघरात ती प्रतिमा पोचवली ती नाटकांनी. व्यसनी, रंगेल राजपुत्र. लोकांनी नाटक बघितलं आणि तोच इतिहास मानला. मग वा. सी. बेंद्रे यांच्यासारखा माणूस आयुष्यभर कागद शोधत बसला. त्यांचं संभाजी महाराजांचं चरित्र १९६०चं. कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिलं. या लोकांनी पुराव्याने ती धूळ झटकली. सावंतांची कादंबरी त्यानंतरची. विकी कौशल त्याच्याही नंतर.

म्हणून म्हणतो, आज पिक्चर आपल्या बाजूचा आहे म्हणून "पिक्चर म्हणजेच इतिहास" असं मानलंत, तर उद्या उलटा पिक्चर येईल तेव्हा बोलायला तोंड राहणार नाही. महाराजांना न्याय मिळाला तो कागदपत्रांमुळे, हे विसरू नका.

आता आपल्या वसईवर येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आणि यात चूक माझी स्वतःची आहे.

२०१५च्या डिसेंबरमध्ये 'बाजीराव मस्तानी' आला. भन्साळींचा. तोही कादंबरीवरचा, ना. सं. इनामदारांची 'राऊ', १९७२ची. त्यात बाजीरावांचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा आहे, वैभव तत्ववादीने केलेला. पिक्चर बघितलेल्या कुणालाही विचारा, चिमाजी अप्पा कोण? उत्तर येईल, "तो नाही का, मस्तानीला विरोध करणारा भाऊ."

आपल्या वसईत चिमाजी अप्पांचा पुतळा किल्ल्यात आहे. मे १७३९मध्ये याच माणसाने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. दोन वर्षांची मोहीम. आधी ठाणं पडलं, अर्नाळा पडला. अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दारावर बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख आजही आहे, बोटीने जाऊन बघून या. मग वसईचा वेढा. सुरुंग लावून तट उडवला, दोन्ही बाजूंनी हजारो माणसं कामी आली. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. इथल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळापर्यंत गेल्या. आणि देशभरातल्या कोट्यवधी लोकांच्या डोक्यात हा माणूस बसला तो वहिनीला त्रास देणारा दीर म्हणून.

मी पेटलो. पुढच्या मे महिन्यात, विजयोत्सवाच्या सुमारास, एका स्थानिक साप्ताहिकात अर्धं पान लिहिलं. "पिक्चरने न दाखवलेला चिमाजी" असा काहीतरी मथळा. चांगलं गाजलं. त्यात मी ती प्रसिद्ध गोष्टही घातली, की किल्ला पडत नाही म्हटल्यावर अप्पा म्हणाले, माझं डोकं तोफेत घालून तरी किल्ल्यात टाका. लहानपणापासून ऐकलेली, अंगावर काटा आणणारी. आणि शेवटच्या परिच्छेदात मी 'परक्यांच्या तावडीतून' वगैरे शब्द वापरले, पिक्चरच्या डायलॉगसारखे.

चार दिवसांनी ऑफिसात एक निवृत्त शिक्षक आले. पापडीकडचे, आपल्या ख्रिस्ती समाजातले, वय सत्तरच्या पुढे. मला शाळेत त्यांनी शिकवलेलं नाही, पण सगळेच त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचो. हातात माझ्या लेखाचं कात्रण, लाल पेनने खुणा केलेलं.

"बाबा, छान लिहिलंयस," ते म्हणाले. "हे तोफेचं कुठे वाचलंस?"

म्हटलं, "सर, सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे, हे मला माहीत आहे. तू कुठे वाचलंस?"

मी गप्प. कुठेच वाचलं नव्हतं. ऐकलं होतं.

मग त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "आणि हे परके कोण? माझे पूर्वज १७३९ला इथेच होते. ते पोर्तुगीज नव्हते रे. इथेच भात लावायचे, इथेच नारळ-केळी करायचे. किल्ला पडल्यावर पोर्तुगीज जहाजात बसून गेले. आम्ही कुठे जाणार होतो? आमचं गाव इथलंच."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुस्तक दिलं, य. न. केळकरांचं 'वसईची मोहीम'. म्हणाले, "वाच आणि परत आण, तुमच्या पत्रकारांची मला खात्री नाही." ते वाचलं. मग सरदेसायांनी छापलेली पेशवे दफ्तरातली वसईची पत्रं बघितली. अंजूरच्या नाईकांची हकीकत वाचली. आणि मला कळलं की खरी गोष्ट माझ्या लेखापेक्षा कितीतरी मोठी आहे. चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात या लढाईचं वर्णन आहे, त्यात शत्रूच्या शौर्याचीही कबुली आहे. किल्ला घेतल्यावर कत्तल झाली नाही, तह झाला. आतल्या लोकांना बायकामुलांसकट, सन्मानाने बाहेर पडू दिलं. मागे राहतील त्यांना त्यांच्या धर्माने राहू द्यावं, हेही कलमांत होतं. एवढी माणसं गमावलेल्या सेनापतीने हे केलं. हे माझ्या अर्ध्या पानात नव्हतं. का नव्हतं? कारण पिक्चरमध्ये आणि ऐकीव गोष्टींत ते बसत नाही. त्यावर टाळ्या पडत नाहीत.

सर आता नाहीत. पुस्तक मी वेळेवर परत केलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. पण दुरुस्तीची चौकट काही मी तेव्हा छापली नाही. हिंमत झाली नाही म्हणा, आळस म्हणा. ही पोस्ट म्हणजे ती चौकट, खूप उशिरा.

आणि हे आत्ताच का लिहायचं, तर कधी ना कधी कुणीतरी वसईच्या मोहिमेवर मोठा पिक्चर काढणारच. ऐतिहासिक पिक्चरना एवढे पैसे मिळतात म्हटल्यावर किती दिवस थांबतील? विषय भारी आहे, समुद्र आहे, तोफा आहेत, किल्ला तर आयता आहे. कोल्डप्लेवाले येऊन गाणं शूट करून गेले आपल्या किल्ल्यात. तो पिक्चर नीट झाला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण तो लागेल त्या शुक्रवारी रात्री, शो सुटल्यावर, माणिकपूरच्या नाक्यावर पोरं काय घोषणा देत बाहेर पडतील आणि शेजारच्या गल्लीतल्या डिसोझा-परेरांच्या घरात काय वाटेल, हा प्रश्न आपला आहे. मुंबईतल्या निर्मात्याचा नाही. तो पुढच्या पिक्चरला लागलेला असेल. आपल्याला सकाळी त्याच लोकलमध्ये, त्याच डब्यात, एकमेकांची बॅग वर ठेवायची आहे.

आता लेखकाबद्दल दोन शब्द, कारण या सगळ्यात तो कायम मागे राहतो.

अण्णाभाऊ साठेंच्या सात कादंबऱ्यांवर पिक्चर निघाले. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' ही नावं तरी तीच राहिली. पण 'आवडी'चा 'टिळा लावते मी रक्ताचा' झाला, 'माकडीचा माळ'ची 'डोंगरची मैना' झाली. पिक्चरच्या नावावरून कादंबरी ओळखूच येणार नाही. आणि अण्णाभाऊ जुलै १९६९मध्ये आपल्याच पश्चिम रेल्वेवरच्या गोरेगावात, हलाखीत गेले. साधूंच्या 'झिपऱ्या'वर २०१८ला पिक्चर आला. स्टेशनवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची गोष्ट, आपण रोज बघतो त्यांची. कधी लागला आणि कधी उतरला, मला कळलंसुद्धा नाही.

हे फक्त मराठीतच होतं असं नाही. '३ इडियट्स' आणि चेतन भगतचा वाद आठवत असेल. नाव पिक्चर संपल्यावरच्या पाट्यांमध्ये आलं. भगत म्हणाले हे पुरेसं नाही, निर्माते म्हणाले करारात तेच ठरलं होतं. बरोबर कोण ते सोडा. धडा एवढाच की करारात जे लिहाल तेच मिळेल. तिकडे 'गॉडफादर'मध्ये मारिओ पुझो स्वतः दिग्दर्शकाबरोबर पटकथा लिहायला बसला आणि दोघांना मिळून ऑस्कर मिळालं. लेखक टेबलावर असला की असंही होऊ शकतं.

आपल्या तालुक्यात लिहिणारे कमी नाहीत. कादोडीत लिहिणारे आहेत, मराठीत आहेत, आगरी-कोळी बोलीत गाणी-गोष्टी करणारे आहेत. माझ्या ओळखीच्या एकाने आपली कादंबरी एका पिक्चरवाल्याला चहाच्या टपरीवर तोंडी देऊन टाकली होती. "करू या भाऊ" एवढ्यावर. पिक्चर झाला नाही, आणि याला वाटतं की आता दुसऱ्याला देता येत नाही. अशांसाठी सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. तोंडी देण्याला अर्थ नाही. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल, तर ते सुटतात. पैसे किती हेही करारात आलंच पाहिजे. आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं वारसांकडे राहतो. म्हणजे अण्णाभाऊंचं लेखन २०२९ अखेरपर्यंत वारसांचंच. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि तुमचं नाव पडद्यावर कुठे येणार तेही लिहून घ्या.

आता काही जण म्हणतील, "तुम्ही पत्रकार लोक उगाच कीस पाडता. लोक पुस्तकं वाचत नाहीत. पिक्चरमुळे निदान नाव तरी कळतं." पटतं मला ते. माझ्या आईने 'छावा' वाचला नाही, वाचणारही नाही, डोळे साथ देत नाहीत. तिच्यासाठी तो पिक्चरच सगळं काही. तिच्याशी मी वाद घालणार नाही.

पण जे वाचू शकतात त्यांच्याकडून एवढं मागतो. पिक्चर आवडला तर ती कादंबरी शोधा. कादंबरी आवडली तर तिच्यामागचं इतिहासाचं एक तरी पुस्तक शोधा. आणि कुणी पिक्चरमधल्या सीनवरून गल्लीत, ग्रुपवर, शाळेत वाद घालायला लागला तर सरांचा प्रश्न विचारा: "कुठे वाचलंस?" रागाने नको, त्यांच्यासारखाच, शांतपणे.

ग्रंथालयांनाही एक सुचवणं आहे. अनुदानाचा अ, ब, क, ड दर्जा जो असेल तो असो, याला पैसे लागत नाहीत. दाराजवळ एक कप्पा करा, 'पिक्चरची पुस्तकं'. 'शाळा', 'नटरंग', 'दुनियादारी', 'बेघर', 'फकिरा', 'राऊ', 'छावा', सगळी तिथे. आणि 'राऊ'च्या शेजारी केळकरांची 'वसईची मोहीम', 'छावा'च्या शेजारी बेंद्रे. पोरगं 'छावा' मागायला येईल आणि तो बाहेर असेल तर हात रिकामा जाऊ नये. आमच्या मॅडमना सांगितलंय, त्या म्हणाल्या कप्पा करते, पाटी तुम्ही रंगवून आणा. पाटी मी रंगवून देतोय.

तो मुलगा मला मध्यंतरी परत भेटला, लायब्ररीच्या जिन्यातच. विचारलं, "मिळाला का 'छावा'?" म्हणाला, "मिळाला काका, पण अर्धाच झाला. परीक्षा आली. परत नाव लिहिलंय."

मग त्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, सगळं खरं आहे का? सगळं नाही. किती खरं, ते शोधायला अजून दोन पुस्तकं वाचावी लागतील. नावं देऊ?"

"जाड आहेत का?" त्याने विचारलं.

म्हटलं, "आहेत."

हसला आणि मोबाइल पुढे केला, "टाइप करून द्या."

दिली टाइप करून. वाचेल की नाही, माहीत नाही. तुमच्या घरात पिक्चरमुळे कुठलं पुस्तक आलं असेल तर कमेंटमध्ये नाव लिहा. आमच्या कप्प्याची यादी वाढेल. आणि घरात वसईच्या मोहिमेवरचं एखादं जुनं पुस्तक पडून असेल, तर रद्दीत घालण्याआधी मला फोन करा.